मांजरीचे टाके आणि माणसांचा धीर

गेल्या मार्चमधली गोष्ट. शनिवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास आमच्या धाकट्या लेकीने मला हलवून जागे केले. "बाबा, चकलीच्या पोटाला काहीतरी झालंय."

चकली ही आमची आठ महिन्यांची मांजरी. झोपली की अंगाचे असे वेटोळे करते की तिला दुसरे नाव शोभलेच नसते. मंगळवारी तिचे गर्भाशय काढण्याचे ऑपरेशन झाले होते. दिवा लावून पाहतो तो काय, टाक्यांच्या रेघेचे खालचे टोक जवळजवळ एक सेंटिमीटर उसवलेले, कडा लाल आणि ओल्या. बाजूच्या टेबलावर तिच्या गळ्यातली प्लॅस्टिकची झालर पडलेली. ती झालर आदल्या रात्री मीच काढून ठेवली होती. लेक म्हणाली होती, "बाबा, डॉक्टरांनी चौदा दिवस सांगितलंय." त्यावर मी, "बिचारीला धड झोपताही येत नाही, एका रात्रीने काय होतंय?" असे म्हणून मोकळा झालो होतो.

आता यातली गंमत पाहा. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, पण माझी डॉक्टरेट आहे धातूंना तडे कसे जातात या विषयातली. तडा नेहमी कडेच्या टोकाशी सुरू होतो, त्या टोकावर ताण एकवटतो, आणि एकदा सुरुवात झाली की पुढचे काम थोडक्या जोरातही होते, हे मी पाच वर्षे घासून शिकलो. तेच सगळे घरच्या मांजरीच्या पोटावर दिसेपर्यंत मला आठवले नाही. चकली आता ठणठणीत बरी आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांना पुढचे निवांतपणे वाचता येईल.

२०२० च्या त्या घरकोंबड्या दिवसांपासून आपल्या मंडळातल्या पुष्कळ घरांत मांजरे आली. पॉटलकला चार जण जमले की त्यातला एक तरी विचारतो, "तुमच्या मांजरीचं ऑपरेशन झालं ना? नंतर काय काय करावं लागतं?" त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर म्हणजे हा लेख. मी व्हेट नव्हे. तुमच्या व्हेटने दिलेला कागद आणि माझा लेख यांत फरक पडला, तर कागद खरा माना. पण त्या कागदावरच्या सूचनांमागे कारण काय, हे कळले की त्या पाळायला सोपे जाते. मला कारण माहीत असते तर मी झालर काढली नसती.

ऑपरेशन कशासाठी?

माझी आई तेव्हा सांगलीहून आमच्याकडे आली होती. तिला हे सारे प्रकरणच जगावेगळे वाटले. "आमच्या वाड्यात पाच-पाच मांजरी होत्या. कुणाची कसली ऑपरेशनं केली नाहीत." मी विचारले, "मग पिलांचं काय व्हायचं गं?" ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बोका खायचा. उरलेली तुझे आजोबा पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायचे. आम्ही पोरं दोन दिवस जेवायचो नाही." त्यानंतर तिने ऑपरेशनाविरुद्ध शब्द काढला नाही.

मांजरी चार महिन्यांची झाली तरी माजावर येऊ शकते. गाभण राहिली की साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते, एका वेळी चारेक पिले होतात, आणि ती अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. घरातच ठेवलेली मांजरीसुद्धा माजावर आली की रात्रभर ओरडते आणि दार उघडे दिसताच निसटते. शिवाय आरोग्याचा भाग आहेच. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार ऑपरेशनाने टळतो. मांजरींच्या स्तनांतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या निघतात, आणि सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन केले तर त्यांचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी होतो. म्हणूनच पाच महिन्यांच्या आत ऑपरेशन करावे या शिफारशीला अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनने २०१७ साली पाठिंबा दिला. आम्ही आठव्या महिन्यात जागे झालो. वर्षाच्या आत केले तरी त्याचा फायदा पुष्कळ आहे, एवढेच समाधान.

नेमके काय करतात?

बाहेरून आपल्याला दिसते ती इंच-दीड इंचाची रेघ. पण चकलीच्या पोटाला तीन मजले आहेत असे समजा. सर्वांत वर कातडे, त्याखाली चरबीचा थर, आणि त्याखाली पोटाची भिंत. पोटाच्या मधोमध दोन्ही बाजूंचे स्नायू जिथे एकमेकांना मिळतात, तिथे एक पांढरी चिवट पट्टी असते. अमेरिकेत बहुधा त्याच पट्टीवर छेद घेतात, कारण तिथे रक्तस्राव कमी होतो. आतून बीजकोश आणि गर्भाशय काढले की तळमजल्यापासून एकेक थर शिवत वर येतात. (इंग्लंडमध्ये पुष्कळदा डाव्या कुशीवर छेद घेतात. तिथल्या नातेवाइकांनी फोटो पाठवला आणि जखम भलतीकडेच दिसली, तर घाबरू नका.)

यातला सर्वांत खालचा, पोटाच्या भिंतीचा शिवणीचा थर महत्त्वाचा. आतडी जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम त्याचे. कातड्याची शिवण उसवली तर ती दुरुस्तीची बाब आहे, पण पोटाची भिंत उसवली तर जिवावरचा प्रसंग. हा फरक मनात पक्का ठेवा, पुढे लागणार आहे.

आतले टाके विरघळणारे असतात. कातड्याचे टाकेही हल्ली बहुधा कातड्याच्या आतून घालतात आणि वरून थोडा वैद्यकीय गोंद लावतात, त्यामुळे बाहेर दोरा दिसतच नाही. गोंदाची पापडी आपोआप सुटते, ती नखाने काढू नये. बाहेर दोरा दिसत असेल तर तो दहा ते चौदा दिवसांनी व्हेटकडे जाऊन काढून घ्यावा लागतो. घरी आणतानाच विचारून घ्या.

आणखी एक. चकलीच्या जखमेशेजारी हिरवी रेघ पाहून मी जंतुसंसर्ग झाला म्हणून क्लिनिकला फोन केला. पलीकडून हसू ऐकू आले. ते गोंदण होते! ही मांजरी हरवून कुठल्या निवाऱ्यात पोचली, तर हिचे ऑपरेशन झालेले आहे हे कळावे आणि कुणी पुन्हा पोट उघडू नये, म्हणून काढलेली कायमची खूण. आईला मात्र ते फार आवडले. "आमच्या आजीच्या कपाळावर होतं तसंच की!"

पहिली रात्र

मांजरी घरी येते तेव्हा भूल पुरती उतरलेली नसते. बाहुल्या मोठ्या दिसतात, पाय लटपटतात, कधी ती उगाच गुरगुरते. तिला एका लहान, उबदार, शांत खोलीत ठेवावे. आमच्याकडे पाहुण्यांच्या बाथरूमची नेमणूक झाली. उंच जागा नको, कारण तोल गेला की पडते. घरात दुसरे मांजर असेल तर त्याला दूर ठेवा. दवाखान्याच्या वासामुळे जुनी मैत्रीणही तिला ओळखत नाही आणि अंगावर धावून जाते.

संध्याकाळी नेहमीच्या निम्म्याहून कमी खाणे द्यावे. भुलेने मळमळते, भरपूर खाल्ले तर उलटी होते, आणि उलटीचा ताण टाक्यांवर येतो. आईने वाटीभर दूध गरम केले होते, ते परत पातेल्यात गेले. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि हगवण लागते. कौतुकाने रश्श्यातले चिकनही देऊ नका. कांदा आणि लसूण मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, मग ते फोडणीत असोत की पावडरीत.

दुसऱ्या दिवशी तिने थोडे तरी खायला हवे. चोवीस तास उलटूनही तोंड लावले नाही तर फोन करा. मांजरांना उपास सोसत नाही. काही दिवस पोटात अन्न गेले नाही तर अंगातली चरबी यकृतात साठून यकृत बिघडू शकते.

लिटर बॉक्समधली गोळे होणारी माती काही दिवस बदला, कारण तिची धूळ ओल्या जखमेला चिकटते. तिच्याऐवजी फाडलेले कागद चालतात. आम्ही घरात साठलेले जुने अंक वापरले. त्यांत आपल्या मंडळाचीही काही वार्तापत्रे होती. संपादकांनी क्षमा करावी.

झालर का हवी?

गळ्यातल्या त्या झालरीला एलिझाबेथन कॉलर म्हणतात. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात सरदार मंडळी गळ्याभोवती चुणीदार झालरी घालत, त्यांवरून हे नाव पडले. दिसायला हास्यास्पद, पण काम मोलाचे.

"जनावरं जखम चाटूनच बरी करतात" ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. मांजराची जीभ हाताला लागली आहे ना कधी? पॉलिश पेपर फिरवल्यासारखी लागते. तिच्यावर घशाकडे वळलेले शेकडो काटे असतात, आपल्या नखांच्या जातीच्याच पदार्थाचे. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवले की हे काटे टोकाशी पोकळ असतात आणि लाळ थेट केसांच्या मुळापर्यंत पोचवतात. केस विंचरायला यासारखे उत्तम यंत्र नाही. पण तेच यंत्र ताज्या टाक्यांवर चालले, की कडा खरवडल्या जातात, टाका सैल होतो आणि तोंडातले जंतू थेट आत उतरतात. आणि हे दहा मिनिटांतसुद्धा होते. मी तर तिला आख्खी रात्र दिली होती.

झालर नाकाच्या टोकापुढे इंचभर आली पाहिजे, नाहीतर चतुर मांजरी मान वळवून पोटापर्यंत पोचतेच. गळ्याशी आपली दोन बोटे जातील एवढी ती सैल असावी. खाण्यासाठी उथळ बशी घेऊन ती जाड पुस्तकावर ठेवली तर झालरीसकट खाता येते. माझा प्रबंध या कामाला अगदी योग्य उंचीचा निघाला. खाताना झालर काढायचीच असेल, तर मांजरीवरची नजर न काढता, आणि घास संपताच पुन्हा घालायची. पहिले दोन दिवस ती उलटी चालते, भिंतींना धडकते, रुसून कोपऱ्यात बसते. मग सवय होते. त्या दोन दिवसांत कीव आपल्याला येते आणि घोटाळा तिथेच होतो.

कापडाची मऊ झालर किंवा बाळाच्या झबल्यासारखा अंगरखाही मिळतो. काही मांजरींना तो मानवतो. पण रोज काढून जखम पाहायची, तो कोरडा आहे ना हे तपासायचे, आणि आधी व्हेटला विचारायचे.

चौदा दिवस कशासाठी?

बाहेरून जखम पाचव्या-सहाव्या दिवशी मिटलेली दिसते, मांजरी उड्या मारू लागते, आणि आपल्याला वाटते, झाले काम. इथे जखम भरण्याचे गणित समजून घेऊ.

पहिले तीन ते पाच दिवस शरीर साफसफाई करत असते. पांढऱ्या पेशी येतात, मेलेला भाग आणि जंतू काढून टाकतात. थोडी लाली आणि सूज दिसते ती यामुळेच. या दिवसांत जखमेला स्वतःची ताकद जवळजवळ नसतेच, सगळा भार टाक्यांवर. त्यानंतर नवे तंतू विणले जाऊ लागतात, आधी कसेही, घाईघाईने. पुढे कित्येक आठवडे शरीर तेच तंतू ताणाच्या दिशेने नीट लावत बसते. दोन आठवड्यांनी जखमेत मूळ कातड्याच्या ताकदीचा लहानसाच हिस्सा आलेला असतो, पण घरातल्या साध्या हालचालींना तो पुरतो. पुरी भरल्यावरसुद्धा ती मूळ ताकदीच्या सुमारे ८० टक्क्यांपुढे जात नाही.

आमची गफलत चौथ्या रात्री झाली. म्हणजे सगळा भार टाक्यांवर असतानाच मी ते टाके तिच्या जिभेच्या हवाली केले.

याच कारणाने दहा ते चौदा दिवस उड्या आणि धावपळ बंद. चढायचे झाड झाकून ठेवा, खिडकीखालची खुर्ची हलवा. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली, म्हणजे पोटावर दाब येत नाही. आंघोळ अजिबात नाही. ओल्या जखमेत जंतूंना आयते घर मिळते.

आपल्या कपाटातल्या बाटल्या

हा भाग कृपा करून दोनदा वाचा. आपल्या घरांत हमखास असणाऱ्या काही वस्तू मांजरीच्या जिवावर उठू शकतात.

ऑपरेशनाच्या दुसऱ्या संध्याकाळी चकली पाठीला पोक काढून बसली होती. आई म्हणाली, "अरे, दुखत असेल तिला. लहान बाळाला देतात तेवढी चतकोर क्रोसिन दे की." मला ते पटले. मी टायलेनॉलची गोळी सुरीने कापलीसुद्धा. तेवढ्यात पत्नी म्हणाली, "थांब, आधी फोन कर." क्लिनिकमधल्या मदतनीस बाईंचे उत्तर एका वाक्याचे होते: "त्या गोळीला मांजरीच्या आसपासही नेऊ नका."

कारण असे. क्रोसिन काय, टायलेनॉल काय, आत औषध एकच, पॅरासिटामॉल. आपले यकृत ज्या रासायनिक वाटेने त्याचा निचरा करते, ती वाट मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. औषधाचे विषारी रूप साठत जाते, रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. एका साध्या गोळीने मांजर मरू शकते, आणि चतकोरही सुरक्षित नाही. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनचेही तेच: व्हेटने सांगितल्याशिवाय मुळीच नाही. व्हेट वेदनेसाठी मांजरांची वेगळी औषधे देतात. ती दिलेल्या मापाने, दिलेल्या वेळी द्या, आणि पुरेशी वाटली नाहीत तर मनाने वाढवू नका, फोन करा.

डेटॉलचा बोळा फिरवू नका. त्या जातीची रसायने मांजरांना बाधतात, आणि अंगाला लावलेले सगळे शेवटी चाटून पोटातच जाते. बाम, विक्स, निलगिरीचे तेल यांचेही तसेच. हायड्रोजन पेरॉक्साइडने जंतूंबरोबर जखम भरणाऱ्या नव्या पेशीही मरतात. माणसांचे मलमही मनाने लावू नका.

आणि हळद. शनिवारी सकाळी आई मिसळणाचा डबा घेऊनच आली होती. आपण सगळे गुडघ्यावर हळद दाबतच मोठे झालो, त्यामुळे मला नाही म्हणणे जड गेले. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण उघड्या जखमेत अडकतात, आणि पिवळ्याधमक रंगाखाली लाली आहे की पू हे व्हेटलाही दिसत नाही. आई म्हणाली, "बरं, मग मी तिच्याजवळ नुसती बसते." तिने तेच केले, आणि त्याचा उपयोग झाला.

चुकून काही पोटात गेलेच, तर लक्षणांची वाट पाहू नका. अमेरिकेत एएसपीसीएचे प्राण्यांसाठीचे विषबाधा केंद्र चोवीस तास चालते. फोन (८८८) ४२६-४४३५. ते शुल्क आकारू शकतात, पण तिथे जनावरांचे डॉक्टर बोलायला मिळतात.

दुखते आहे हे ओळखायचे कसे?

मांजर कण्हत नाही, दुखणे लपवते. पण तिचा चेहरा सांगतो. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली, आणि माझ्यासारख्या आकडेबहाद्दराला ती फारच भावली. पाच गोष्टी पाहायच्या: कान ताठ पुढे आहेत की बाजूला पडून एकमेकांपासून लांब गेलेत, डोळे उघडे आहेत की किलकिले, तोंडाचा भाग गोल आहे की ताणून लांबट झालाय, मिशा सैल वळलेल्या आहेत की ताठ सरळ, आणि डोके खांद्यांच्या वर आहे की खाली गेलेय. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. दहापैकी चार किंवा अधिक झाले तर वेदनेवर जादा औषधाची गरज असू शकते. व्हेटला फोन करा. "जरा मलूल वाटते" असे सांगण्यापेक्षा "दहापैकी पाच" असे सांगितले की पलीकडचा माणूसही सावध होतो. हे झोपेत किंवा खाताना पाहायचे नाही, जागी आणि शांत असताना पाहायचे.

रोज काय पाहायचे?

सकाळी आणि संध्याकाळी, चांगल्या उजेडात, हात धुऊन, आणि जखमेला बोट न लावता. पहिल्याच दिवशी एक फोटो काढून ठेवा आणि रोज त्याच अंतरावरून काढत जा. डोळ्यांना सवय होते, फोटोला होत नाही.

चालण्यासारखे: कडा एकमेकींना चिकटलेल्या, थोडी लाली, थोडी सूज, फिकट काळेनिळे डाग, पहिल्या दिवशी एखाददुसरा लालसर थेंब. पुढे एक-दोन आठवड्यांत रेघेखाली टणक गाठीसारखे लागते. बहुधा ती विरघळणाऱ्या दोऱ्याला शरीराने दिलेली दाद असते आणि हळूहळू जिरते. तरी तपासणीच्या वेळी दाखवा.

त्याच दिवशी फोन करण्यासारखे: वाढत जाणारी लाली किंवा सूज, पू, घाण वास, सुटलेला टाका, कडांमध्ये फट, पुन्हा पुन्हा उलटी, चोवीस तास न खाणे.

फोन करता करता गाडीत बसण्यासारखे: रक्त ठिबकत राहणे, पांढऱ्या फटक पडलेल्या हिरड्या, उठवून न उठणे, धाप लागणे, जखमेपाशी एकाएकी आलेला मऊ फुगवटा. फुगवट्याचा अर्थ पोटाची भिंत आतून उसवली असाही असू शकतो. आणि आतले काही बाहेर डोकावत असेल, तर ते आत ढकलू नका. स्वच्छ कापड सलाइनने ओले करून त्यावर ठेवा, तिला चाटू देऊ नका, टॉवेलात गुंडाळा आणि सरळ इमर्जन्सी व्हेट गाठा. जवळचा रात्रीचा दवाखाना कोणता, हे ऑपरेशनाच्या आदल्या दिवशीच शोधून फ्रिजवर लावून ठेवा.

त्या शनिवारी

क्लिनिक आठला उघडायचे होते. तोवर अडीच तास लेकीने चकलीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरले. झालर पुन्हा गळ्यात. माझ्याकडे पाहत नव्हती. ओरडली असती तर बरे वाटले असते.

व्हेटने बोटांनी हलकेच चाचपून पाहिले. मी श्वास धरून उभा. "पोटाची भिंत शाबूत आहे. फक्त कातडं गेलंय." थोडी गुंगी देऊन जखम धुतली, दोन-तीन टाके नव्याने घातले, प्रतिजैविक दिले. चौदा दिवसांचे मोजमाप पुन्हा पहिल्यापासून. बाई रागावल्या नाहीत. झालर काढल्यामुळे परत येणाऱ्या मांजरी त्या दर आठवड्याला पाहतात, असे म्हणाल्या. बिलाचा आकडा इथे देत नाही. एवढेच सांगतो की झालरीच्या किमतीशी त्याची तुलना करू नये.

घरी येताना गाडीत लेक म्हणाली, "बाबा, मी सांगितलं होतं." मी म्हणालो, "हो. तू सांगितलं होतंस. माझं चुकलं." आपल्या पिढीच्या बापांना हे वाक्य फारसे सरावाचे नाही. अंदाजाने चालवून घेण्याची सवय घेऊन आपण इथे आलो, आणि पुष्कळदा ती उपयोगी पडली. पण मुले छापील सूचना शब्दशः पाळतात तेव्हा आपण हसतो, ते थांबवायला हवे असे मला त्या दिवशी वाटले.

तिने फ्रिजवर तक्ता लावला. सकाळ, संध्याकाळ, औषध, खाणे, चेहऱ्याचे गुण, जखमेचा फोटो. सही तिची. खाली माझ्यासाठी वेगळी ओळ: "झालर आहे का?" चौदा दिवस मी तिथे न चुकता बरोबरची खूण केली. पंधराव्या दिवशी तपासणी झाली, झालर निघाली, आणि चकलीने पहिले तासभर फक्त स्वतःला चाटले. आई सांगलीला परतली तेव्हा तक्ता घडी घालून बरोबर घेऊन गेली. तिच्या गल्लीत एक गाभण मांजरी आहे म्हणे, आणि यंदाची पिले जगली-वाढली की तिला व्हेटकडे न्यायचे असे तिने शेजारणीशी ठरवले आहे.

तुमच्या घरी येत्या काही दिवसांत असे ऑपरेशन असेल, तर तक्त्याची प्रत माझ्याकडे मागा, आनंदाने देईन. आणि चौथ्या रात्री झालर काढावीशी वाटली, तर काढण्याआधी मला फोन करा. कितीही वाजले असले तरी चालेल.